खालच्या आर्मचे चार बुश

आमची गाडी तेरा वर्षांची झाली तोवर तिला बाबांशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. ऑइल बदलणं, ब्रेकचे पॅड, वायपरची रबरं, सगळं ते आमच्या घरापुढच्या खळ्यात, अंगणाच्या जांभ्या दगडी गडग्यालगत गाडी लावून स्वतः करायचे. बाबा बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाले त्याच वर्षी ही लहानशी पांढरी गाडी घेतली आणि मग वर्कशॉपमधली सगळी शिस्त त्यांनी तिच्यावर चालवली. दर रविवारी बॉनेट उघडायचं. चाकाचे नट लावण्याआधी त्यांना बोटाने ग्रीस लावायचं. काम झाल्यावर पाने मोजून कापडात गुंडाळायचे.

मी देवरूखच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करते. लग्न केलं नाही, आईबाबांबरोबर रत्नागिरीतच राहते आणि रोज गाडीने ये-जा करते. म्हणजे गाडी चालवणारी मी आणि तिची काळजी घेणारे बाबा, अशी आमची वाटणी होती. त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. ती आपोआप पडली होती.

तीन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप, मग सही, मग पेचकस. डॉक्टरांनी कंपवाताचं नाव घेतलं आणि गोळ्या सुरू केल्या. बाबांनी गोळ्या नेमाने घेतल्या, पण त्या आजाराचा उल्लेख घरात होऊ दिला नाही. रविवारी बॉनेट उघडत राहिले. फक्त आता उघडून बघायचे आणि पुन्हा लावायचे. मधलं काम कमी होत चाललं होतं, ते मी पाहत होते आणि पाहिलं नाही असं दाखवत होते.

पुढच्या वर्षी पाऊस संपला आणि गाडीच्या पुढच्या बाजूने आवाज यायला लागला. मोठ्या खड्ड्यात नाही. हळू चालवताना, लहानशा गतिरोधकावरून चाक उतरलं की डावीकडून 'टक्' व्हायचं. ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढायची. वाटेतल्या हातखंब्यापासून पुढे रस्त्याचं काम चाललेलं, दर दोन-चार दिवसांनी नवा वळणरस्ता, तेव्हा त्या आवाजाची मला रोज भरपूर संगत होती.

मी जेवताना विषय काढला.

"बाबा, पुढे डाव्या बाजूला काहीतरी वाजतंय."

"रस्ते तसे आहेत," बाबा म्हणाले.

"हळू असतानाच वाजतं पण."

"तुला वाटतंय तसं."

आई म्हणाली, "मागे बसलं की माझ्या कंबरेला कळतंय हो. मावशीकडे जाऊन आले ती दोन दिवस आडवी होते." आईच्या मणक्याचा एक भाग दबलेला आहे, तिला धक्के सोसत नाहीत.

बाबांनी ताटातला भात संपवला, हात धुतला आणि उठून गेले. ज्या माणसाला रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा आवाज ऐकून तिचं काय बिघडलंय ते सांगता यायचं, तो हे ऐकत नाही, याचा मला राग आला. म्हातारपणी हट्टी झालेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पंधरा दिवस मी वाट पाहिली. मग एका गुरुवारी दुपारीच कॉलेजातून निघाले आणि देवरूखहून येताना हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात थांबले. तिथला मेकॅनिक चाळिशीच्या आतबाहेरचा होता. बरीच वर्षं मुंबईत काम करून गावी परत आलेला. त्याने गाडी जॅकवर उचलली, चाकामागे लांब पहार अडकवून हलवली आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं.

"खालच्या आर्मचे बुश गेलेत, ताई. हे बघा, लोखंड कसं हलतंय."

बुश हा शब्द बाबांच्या तोंडून मी हजारदा ऐकला होता, पण वस्तू नीट पाहिली त्या दिवशी. चाक धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला आर्म म्हणतात. तो गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे हा जाड रबराचा तुकडा बसवतात. त्याच्या मधोमध एक नळी असते आणि नळीतून बोल्ट जातो. लोखंड लोखंडावर आपटू नये एवढंच त्याचं काम. प्रत्येक बाजूला दोन, असे चार. आमचे चारही सुटून गेले होते. डाव्या बाजूच्या एकाचं रबर तर बोटाने निघून हातात आलं.

त्याने नव्या बुशांचा खोका दाखवून काम हातात घेतलं आणि सहा वाजत आले तेव्हा आर्म परत बसवले. गाडी अजून जॅकवर होती, चाकं हवेत. तो म्हणाला, "ताई, अजून वीस-पंचवीस मिनिटं थांबाल का? खाली उतरवून बोल्ट परत एकदा आवळायला लागतील."

मी घड्याळ पाहिलं. मला घरी यायला रोज साडेसहा होतात. सात वाजून गेले असते तर बाबांनी विचारलं असतं, आणि मला खोटं बोलता येत नाही.

"आवळलेत ना आत्ता?"

"आवळलेत, पण..."

"मग राहू दे. उशीर होतोय."

त्याने गाडी तशीच खाली उतरवली. मी गाडी घेऊन निघाले. सगळ्या वाटेत आवाज नव्हता आणि मी अगदी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीप्रमाणे गाडी पुसायला खळ्यात गेले. मी खिडकीतून पाहत होते. पुढच्या चाकापाशी आले आणि थांबले. चाकाचे नट कोरडे होते, त्यांना ग्रीस नव्हतं. आणि चाकावर काळ्या बोटांचे ठसे होते, जे माझ्या लक्षातच आले नव्हते. बाबांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, डिकीत ठेवली आणि घरात आले. मला काही विचारलं नाही. चहा प्यायले, पेपर वाचला. पण त्या दिवसापासून ते गाडीजवळ गेले नाहीत. रविवारी बॉनेट उघडलं गेलं नाही. गाडीवर जांभ्याची तांबडी धूळ बसत गेली आणि शेवटी मीच ती पुसायला लागले.

आमच्या घरात भांडणं होत नाहीत. त्यापेक्षा ती झालेली बरी, असं त्या चार महिन्यांत मला अनेकदा वाटलं.

शिमग्याच्या तोंडावर आवाज परत आला. तोच, तसाच, पण आता दोन्ही बाजूंनी. मला वाटलं, फसवलं आपल्याला. बाई बघून नकली माल घातला. तशीच गॅरेजात गेले. सणासाठी मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या रांगेने उभ्या होत्या, माणसं सावलीत बसली होती. त्या सगळ्यांसमोर मी त्या मेकॅनिकला बोलले. काय काय बोलले ते आज लिहायला लाज वाटते. नकली माल, फसवाफसवी, मुंबईत हेच शिकलात का, असलं सगळं. तो हातातला पाना खाली ठेवून ऐकत राहिला.

"ताई, माल चांगलाच होता. खोका तुम्हाला दाखवला होता मी," एवढंच म्हणाला.

"मग चार महिन्यांत गेला कसा?"

त्याने आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "गाडी सोडून जा. बघतो."

मी गाडी सोडली नाही. तणतणत घरी आले आणि आल्या आल्या बाबांसमोर उभी राहिले. चार महिन्यांपूर्वी काय केलं ते सांगितलं. गॅरेज कुठलं, बुश कसे बदलले, आज आवाज परत कसा आला, सगळं. उशीर होतो म्हणून मी निघून आले, ते मात्र सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. त्या क्षणी ते महत्त्वाचं आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "गाडी खळ्यात घे."

जॅक लावला. बाबांचा जॅकवर कधीच भरवसा नसतो, म्हणून गाडीच्या कडेखाली जांभ्याचे दोन चिरे आणि स्टेपनी सरकवायला लावली. त्यांना आता खाली बसता येत नव्हतं, वाकलं की तोल जायचा. मी आडवी होऊन फोनने फोटो काढले आणि त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसला. फोन डाव्या हातात धरला, कारण उजव्यात तो हलत होता. बराच वेळ बघत राहिले.

"माल चांगला आहे गो, बाय," ते म्हणाले. मला ते लहानपणी बाय म्हणायचे, अलीकडे म्हणत नव्हते. "रबर कडक झालेलं नाही. पिळवटून फाटलंय, दोन्हीकडे एकाच दिशेने. कोणी आवळलंन हे? चाकं लोंबकळत असताना आवळलंन."

"म्हणजे?"

"हात दे इकडे."

त्यांनी माझा हात खाली सोडायला लावला आणि कोपर घट्ट धरलं. "आता कोपर न हलवता हात वर घे." मी घेतला. त्यांच्या बोटांखाली माझी कातडी पिळली गेली. "दुखतंय ना? रबराचं तेच होतं. गाडी उचललेली असताना चाक खाली लोंबतं, आर्म पण खाली असतो. तसाच बोल्ट आवळला तर रबर त्या जागी धरलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो आणि रबर पिळलेलंच राहतं. गाडी नुसती उभी असली तरी पिळलेलं. चार महिने टिकलं म्हणजे माल उत्तम होता. हे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर."

त्यांनी माझं कोपर सोडलं. वीस-पंचवीस मिनिटं थांबाल का, खाली उतरवून परत आवळायला लागतील, हे त्या माणसाचे शब्द मला जसेच्या तसे ऐकू आले.

त्याच क्षणी बाबांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते वेगळंच. "बाबा, आपण घरी करूया? तुम्ही सांगा, मी करते."

ते हसतील किंवा नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी पलंगाखालची पान्यांची पेटी ओढायला सांगितली.

बाजारातून चार नवे बुश आणले. शनिवारी दुपारी गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून ठेवलं. खाऱ्या हवेत आमच्याकडे लोखंड असं धरून बसतं की दमाने घेण्याशिवाय इलाज नसतो. रविवारी सकाळी आईने स्वयंपाक लवकर उरकला आणि खुर्ची आणून गाडीखाली उजेडाला बॅटरी धरून बसली. बाबा स्टुलावर. मी जमिनीवर पोत्यावर.

मी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हाताळते. पान्यावर सगळं अंग टाकायचं असतं हे मला माहीत नव्हतं. पहिला बोल्ट सुटायला अर्धा तास गेला. बाबा म्हणत होते, "झटका नको. भार दे. भार देत राहा, तो आपणहून येतो." आला. पुढचे भराभर सुटले. आर्मचं बाहेरचं टोक चाकाच्या बाजूला गच्च अडकलं होतं, तिथे बाजूने हातोडा मारायचा होता. मी दोनदा मारला, जमलं नाही. बाबा उठले, माझ्या हातातून हातोडा घेतला आणि वाकले.

मी त्यांना अडवायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हातोडा वर गेला, हात थरथरला आणि घाव त्यांच्या स्वतःच्या अंगठ्यावर पडला. आई "अगो बाई" म्हणत उठली. बाबांनी अंगठा मुठीत धरला, हातोडा माझ्यापुढे ठेवला आणि स्टुलावर जाऊन बसले.

आई हळद आणायला आत गेली. आम्ही दोघंच होतो.

"तू जेवताना बोललीस ना आवाजाबद्दल," बाबा म्हणाले. ते गडग्याकडे बघत होते. "मला त्याच्या आधी महिनाभर ऐकू येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर करायला लागलं असतं. माझ्याने होणार नव्हतं ते."

मी हातोडा उचलला. त्यांनी सांगितलेल्या जागी, सांगितल्या कोनात मारला. चौथ्या घावाला आर्म सुटला.

जुने बुश काढायला गॅरेजात प्रेस नावाचं मशीन असतं. बाबांकडे एक लांब बोल्ट, काही जाड वॉशर आणि पाइपचे दोन तुकडे होते. वर्कशॉपमध्ये त्यांनी ते स्वतः कापून घेतले होते. आर्म शिकंज्यात धरायचा, एका बाजूने पाइप लावायचा, बोल्ट आरपार घालायचा आणि नट फिरवत राहायचं. नट फिरतो तसा बुश पाइपमध्ये ओढला जातो. नवा बसवतानाही तसंच, फक्त उलट बाजूने आणि साबणाचं पाणी लावून. मागचा बुश कुठल्या दिशेने बसतो त्याला महत्त्व असतं, म्हणून काढण्याआधी बाबांनी आर्मवर खडूने खूण करायला लावली. ती मी चुकीच्या जागी केली. त्यांनी पुसायला लावली आणि परत करायला लावली. त्यात ते अजिबात हळवे झाले नाहीत. माझ्यावर दोनदा ओरडले. चार महिन्यांत पहिल्यांदा घरात मोठा आवाज झाला आणि आईच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं.

जेवायला चार वाजले. मग राहिलं ते शेवटचं आवळणं. गाडी जमिनीवर असली तर माझं डोकं खाली शिरत नव्हतं. बाबांनी पुढची चाकं एकेक करून उचलायला लावली आणि प्रत्येकाखाली सपाट चिरा, त्यावर फळी अशी ठेवून चाकं त्यावर टेकवली. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. सगळं त्यांनी स्वतः फिरून चार वेळा तपासलं, लाथा मारून पाहिलं. मग बॉनेटवर दाब देऊन गाडी खालीवर हलवली, म्हणजे आर्म आपल्या जागी येतात.

"जा आता," म्हणाले.

मी खाली गेले. गाडीचं वजन चाकांवर, चाकं चिऱ्यांवर. एकेक बोल्ट आवळला. प्रत्येकाला बाबा वरून विचारत होते, "बसला?" आणि मी "बसला" म्हणत होते. शेवटचा झाल्यावर मी लगेच बाहेर आले नाही. तिथे पडल्या पडल्या ठरवलं की आता सांगायचं. तोंड दिसत नव्हतं, तेवढं बरं होतं.

"बाबा, त्या गॅरेजवाल्याला हे माहीत होतं. तो थांबा म्हणाला होता. खाली उतरवून परत आवळतो म्हणाला होता. मीच नको म्हटलं."

"का?" बाबांनी वरून विचारलं.

"उशीर झाला असता तर तुम्ही विचारलं असतंत. तुम्हाला कळायला नको होतं."

मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

"आणि तू त्याला लोकांसमोर बोललीस."

"हो."

"मग लोकांसमोरच जायला हवं," बाबा म्हणाले. "बाहेर ये. पाने मोज."

सोमवारी सकाळी शहरात चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं आणि तिथूनच कॉलेजला सुट्टी टाकून गॅरेजात गेलो. बाबा पुढे, माझ्या शेजारी. शिमगा आटपून परत जाणारे लोक आले होते, मागच्या वेळेइतकीच गर्दी. बाबा गाडीतून उतरले, पण पुढे आले नाहीत. दारातल्या बाकावर बसले.

मी मेकॅनिकपुढे जाऊन उभी राहिले. रात्री वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. "दादा, चूक माझी होती," म्हणाले. "तुम्ही थांबायला सांगितलंत, मी थांबले नाही. बुश त्याच्यामुळे फाटले. मी त्या दिवशी बोलले ते सगळं खोटं होतं." आवाज मोठा ठेवायचा होता, तेवढा जमला. दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. त्यातलं त्या दिवशीचं कोणी होतं का, मला माहीत नाही.

तो माझ्याहून जास्त अवघडला. "असू दे हो, ताई," म्हणाला. "मी पण ठाम सांगायला पाहिजे होतं. गिऱ्हाईक घाईत असलं की आम्ही सोडून देतो." मग त्याने गाडीकडे पाहिलं. "आता कोणी केलं?"

"मी. बाबांनी सांगितलं, मी केलं."

त्याला खरं वाटलं नसावं. आडवा झाला, खाली डोकं घातलं, बॅटरी मारली. उठला तो थेट बाकाकडे गेला. "काका, प्रेसशिवाय बुश काढलेत कसे?"

बाबांनी पाइपच्या तुकड्यांबद्दल सांगायला सुरुवात केली. बोलताना त्यांचा उजवा हात नेहमीप्रमाणे मांडीखाली दाबलेला होता. पण पाइपची जाडी दाखवायला दोन्ही हात लागतात. तो बाहेर आला, हवेत थरथरत राहिला, आणि त्या माणसाने हाताकडे न बघता विचारलं, "आणि वॉशर केवढा?"

चहा आला. रांगेतली एक गाडी तशीच थांबून राहिली. तिचा मालक दोनदा येऊन बघून गेला. मला वाटलं उठावं, पण बाबांना उठवण्याचं माझ्याने झालं नाही.

त्याला आता दीड वर्ष झालं. बाबांचा हात अधिक बिघडला आहे, जेवताना आई मदत करते. गॅरेजवाल्याचा महिन्यातून एखादा फोन येतो, कधी त्याचं काही अडलेलं असतं, कधी नुसताच. फोन आला की बाबा स्पीकर लावायला सांगतात आणि आम्हाला गप्प बसवतात. मग डोळे मिटून पलीकडचं इंजिन ऐकतात.